अक्षीच्या पुळणीवर

आमच्या मोहोपाड्यास समुद्र नाहीं. आम्हांस आहे ती पाताळगंगा, आणि सायंकाळीं तिच्या बाजूच्या रस्त्यानें पाय मोकळे करणारी आम्हां पांच निवृत्तांची मंडळी: दोघे कारखान्यांतले, एक टपाल खात्यांतले, एक पशुवैद्य व मी शाळामास्तर. शिवाय दोन चतुष्पाद सभासद. अण्णांचा दांडगा लॅब्रॅडॉर 'राजा', आणि पशुवैद्यांचा गांवठी 'मोत्या'. या सर्वांनीं एकदां समुद्रकांठानें चालावें, अशी टूम गेल्या मार्गशीर्षांत निघाली.

समुद्रकांठचा मुहूर्तही पंचांगांतच सांपडतो. मात्र तो पाण्याचा. आपल्या किनाऱ्याचा जुना हिशेब असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ स्थूलमानानें मिळते. पांच पाऊण पावणेचार. त्यापुढें सहा तासांनीं, म्हणजे दहाच्या सुमारास, ओहोटी. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येतो, त्याचाच हा पाऊण तास. पाऊणकीचा पाढा शाळेंतून केव्हांच गेला. समुद्र अजून तोच म्हणतो आहे. तेव्हां शुद्ध पंचमी ठरली.

आतां एक कबुली देतों. कुत्र्यांचें व माझें फारसें सख्य नव्हतें. दहाव्या वर्षीं मला कुत्रा चावला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें पोटांत चौदा इंजेक्शनें घ्यावीं लागलीं. तो प्रकार बंद होऊन वीसेक वर्षें झालीं. आतां दंडावर चारपांच टोंचण्यांत काम भागतें. पण पोट विसरत नाहीं! वर्गांत मीं धर्मराजाची गोष्ट रंगवून सांगितली आहे कीं, कुत्र्यास सोडून त्यानें स्वर्ग नाकारला. पाणिनीनें एकाच सूत्रांत कुत्रा, तरुण आणि इंद्र एका पंक्तीस बसविले, ही गंमतही सांगितली आहे. राजा मात्र जवळ आला कीं मी रस्त्याची दुसरी बाजू धरीं.

पहांटे निघून आपटा, खारपाडा, पेण, वडखळ व कार्लेखिंडीवरून आम्ही साडेआठास अक्षीस पोंचलों. प्रथम गांवांतला शिलालेख पाहिला. तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. आपल्या भाषेच्या अगदीं आरंभींच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. मीं त्यावर पुष्कळ बोललों असतों, पण मोत्यानें पाटी दिसतांच पाय वर केला, आणि पशुवैद्यांनीं त्यास घाईनें ओढून नेलें.

सुरूच्या बनांतून पुळणीवर आलों, तों पाणी दूर गेलेलें, आणि ओली वाळू नागांवच्या दिशेनें आरशासारखी पसरलेली. अण्णांनीं राजाची सांखळी सोडली. तो सरळ धांवला तो पाण्याकांठीं टिपत असलेल्या चिखल्या पक्ष्यांच्या थव्यावर. थवा उठला, थोडा पुढें बसला. राजा पुन्हां मागें. असें चारपांच वेळां झाल्यावर टपाल खात्याचे नाना, ज्यांना पक्ष्यांचा फार नाद, ते थांबले.

"अण्णा, त्याला बांधा. हे पाहुणे हिमालयापलीकडून येतात. ओहोटीचे थोडे तास हीच त्यांची पंगत. पंगतींतून उठवूं नये."

"अहो, कुत्र्यानें धांवावें नाहीं तर काय करावें? इतक्या लांब याला काय गजानें मोजायला आणला?"

नानांचें म्हणणें खरें होतें. उडण्यांत घांस तर जातोच, वर अंगांत सांठविलेली चरबीही खर्च होते, आणि परतीचा पल्ला तिच्यावरच गांठायचा असतो. पुढें थंडी सरतां सरतां कोंकणच्या वाळूंत समुद्री कांसवांचीं अंडीं असतात, तींही कुत्रीं उकरतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनें वेळासच्या ग्रामस्थांना बरोबर घेऊन २००२ पासून तीं राखण्याचें काम चालविलें, तें उगाच नव्हे. पण नाना तें अशा स्वरांत बोलले कीं, चूक राजाची न राहतां अण्णांची झाली. पत्नी गेल्यापासून अण्णांच्या घरीं बोलायला राजाच आहे, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें, नानांसही.

अण्णांनीं शीळ घातली, राजाला बांधलें, आणि एक अक्षर न बोलतां सांखळी माझ्या हातीं दिली. कां, तें मला अजून कळलें नाहीं. बहुधा मी सर्वांत जवळ होतों म्हणून. ते एकटेच झपझप पुढें निघून गेले. तीस वर्षांचे दोन स्नेही पुळणीवर शंभर पावलांच्या अंतरानें चालले, आणि मध्यें मी, हातांत माझी भीति घेऊन! पहिल्यानें मीं हात लांब धरला होता. नागांव येईपर्यंत राजाचा ओला खांदा माझ्या गुडघ्यास लागत होता व मी तो लागूं देत होतों. मागें चिखल्यांचा थवा पुन्हां वाळूवर उतरला. नाना दुर्बीण लावून उभे राहिले.

नागांवास घरून आणलेले दडपे पोहे व लाडू निघाले. नानांनीं आपल्या वांट्याचा लाडू फोडून अर्धा राजापुढें केला. "साखर देऊं नका त्याला," अण्णा म्हणाले, आणि डब्यांतली पोळी नानांच्या हातांत ठेवली.

परततांना गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. पेण मागें पडल्यावर नानांनीं विचारलें, "पुन्हां दहाची ओहोटी कधीं?"

"वद्य पंचमीला," अण्णा म्हणाले. "पाऊणकी तीच. सांखळी लांब घेऊं या."