बैल पाहून गाडी भरावी



मुलाने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माळ्यावर गेला, असे आता पुष्कळ घरांत दिसते. तो मोडीत घालण्याआधी जरा थांबा. ऊसबिले, सातबारा, माती परीक्षणाचे अहवाल, लग्नकार्याचे फोटो एकेकाच्या मोबाइलमध्ये अडकलेले असतात. मोबाइल विहिरीत पडला की सारेच बुडाले! हे दप्तर जुना लॅपटॉप सांभाळू शकतो. दिवसरात्र चालू राहून घरातल्या सर्वांना कागद काढून देणारा संगणक म्हणजे होम सर्व्हर.

त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालावी? आम्ही म्हणतो, बैल पाहून गाडी भरावी. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ट्रूनॅस खास साठवणुकीसाठीच आहे, पण ती ८ जीबी मागते. २ जीबीच्या यंत्राने तिकडे बघूच नये.

अशा यंत्राला डेबियन बरी. ती फुकट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०३० पर्यंत मिळायच्या आहेत. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा पाहिजे.

आम्ही पहिल्यांदा ती डेस्कटॉपसकट बसवली आणि फसलो. एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. दुसऱ्यांदा बसवताना डेस्कटॉपची खूण काढली, एसएसएच सर्व्हर आणि नेहमीची साधने तेवढी ठेवली. मग तेच यंत्र सुरळीत चालले. फायली वाटून द्यायला सांबा घातले. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करण्याची धास्ती वाटत असेल, तर डेबियनवरच उभी असलेली ओपनमीडियाव्हॉल्ट घ्यावी; तिचा कारभार ब्राउझरमधून चालतो.

लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ तग धरते. पण ती फुगलेली असेल तर वापरू नका. झाकण मिटले की यंत्र झोपते, ते सेटिंगमध्ये आधीच बंद करा.

दोन गोष्टी गाठीला बांधा. नवी सिस्टीम घालताना डिस्क पुसली जाते, म्हणून जुने फोटो आधी काढून घ्या. आणि सर्व्हर झाला तरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. एकाच विहिरीच्या भरवशावर सगळा ऊस आपण लावतो का?