रेघांची लिपी

(दुकान, ग्रंथालय, दवाखाना, परीक्षा मंडळ अशा कितीतरी ठिकाणी आज बारकोड वापरला जातो. बारकोड म्हणजे काय, तो यंत्र कसे वाचते, संगणकावरील अर्जात तो कसा भरला जातो आणि असा अर्ज तयार करताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

दुकानातून आणलेला बिस्किटांचा पुडा उलटून पाहा. त्यावर एका चौकोनात काळ्या उभ्या रेघा दिसतील. काही रेघा जाड, काही बारीक. रेघांच्या खाली तेरा अंक छापलेले असतात. आपण या रेघांकडे फारसे लक्ष देत नाही. मोठ्या दुकानातील विक्रेता मात्र पुडा एका यंत्रासमोर धरतो. ‘बीप’ असा आवाज होतो आणि संगणकाच्या पडद्यावर बिस्किटांचे नाव व किंमत उमटते. विक्रेत्याने एकही कळ दाबलेली नसते!

या रेघांच्या चौकोनाला बारकोड म्हणतात. बारकोड ही एक प्रकारची लिपीच आहे. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो आणि मराठी डावीकडून उजवीकडे. ही रेघांची लिपी मात्र यंत्राला दोन्ही बाजूंनी वाचता येते. ती माणसांसाठी नाहीच. ती यंत्रासाठी आहे.

या लिपीचा जन्म कसा झाला, ती हकिगत मोठी मनोरंजक आहे. १९४८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बर्नार्ड सिल्व्हर नावाचा तरुण एका तंत्रशिक्षण संस्थेत होता. एका किराणा व्यवसायातील अधिकारी संस्थेच्या अधिष्ठात्यांना विचारत होता, “गिऱ्हाईक पैसे देताना मालाची नोंद आपोआप होईल, अशी काही युक्ती तुम्ही शोधून द्याल का?” हे बोलणे सिल्व्हरच्या कानावर पडले. त्याने ते आपला मित्र जोसेफ वुडलंड याला सांगितले. वुडलंडच्या डोक्यात तोच विचार घोळू लागला. पुढे तो मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बसला होता. लहानपणी बालवीर पथकात तो तारेची मोर्स लिपी शिकला होता. त्या लिपीत ठिपके आणि छोट्या रेघा असतात. त्याने वाळूत बोटे टेकवली आणि सहज आपल्याकडे ओढली. वाळूवर लांब रेघा उमटल्या. ठिपके आणि छोट्या रेघा खाली ओढल्या, तर बारीक व जाड रेघा तयार होतात, हे त्याच्या लक्षात आले!

दोघा मित्रांनी १९४९ साली या कल्पनेच्या हक्कासाठी अर्ज केला. १९५२ साली त्यांना हक्क मिळाला. पण त्या वेळी स्वस्त संगणक नव्हते आणि रेघा वाचण्यासाठी योग्य प्रकाशझोतही नव्हता. त्यामुळे ही कल्पना बरीच वर्षे कागदावरच राहिली. आजच्या किराणा मालावरील बारकोडचा आराखडा जॉर्ज लॉरर यांनी तयार केला. अखेर २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावी, एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट यंत्रासमोर धरले गेले. किराणा दुकानात अशा रीतीने विकली गेलेली ती पहिली वस्तू. तिची किंमत होती ६७ सेंट. सिल्व्हर १९६३ सालीच वारला होता. आपल्या कल्पनेचे हे यश पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

आता यंत्र रेघा कसे वाचते ते पाहू. या यंत्राला स्कॅनर म्हणतात. स्कॅनर रेघांवर प्रकाश टाकतो. काळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि पांढरा रंग तो परत पाठवतो. कोठून किती प्रकाश परत आला, यावरून काळी रेघ किती जाड आहे आणि मधली पांढरी जागा किती रुंद आहे, हे यंत्राला कळते. प्रत्येक अंकासाठी दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या जागा ठरलेल्या असतात. डाव्या अर्ध्या भागातील रेघा आणि उजव्या अर्ध्या भागातील रेघा वेगळ्या पद्धतीने काढलेल्या असतात. त्यामुळे पुडा उलटा धरला, तरी यंत्र फसत नाही. गंमत म्हणजे तेरा अंकांपैकी पहिल्या अंकासाठी स्वतंत्र रेघा नसतातच. पुढच्या सहा अंकांच्या रेघा कोणत्या पद्धतीने काढल्या आहेत, यावरून यंत्र तो पहिला अंक ओळखते.

बारकोडमध्ये वस्तूची किंमत लिहिलेली असते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पुड्यावरील रेघांत फक्त एक क्रमांक असतो. नाव आणि किंमत दुकानाच्या संगणकात साठवलेली असते. यंत्र क्रमांक वाचते आणि संगणक त्या क्रमांकापुढची किंमत शोधून काढतो. संगणकात चुकीची किंमत भरलेली असेल, तर बिलही चुकीचे येते. म्हणून बिल घेतल्यावर ते पुड्यावरील छापील किमतीशी ताडून पाहावे. भारतातील संस्थेकडून घेतलेल्या क्रमांकाची सुरुवात ८९० या अंकांनी होते. अर्थात, ती वस्तू भारतातच तयार झाली, असा त्याचा अर्थ नाही. पुस्तकांचा क्रमांक बहुधा ९७८ ने सुरू होतो.

हा क्रमांक हाताने लिहिला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. आपण शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. मधल्या सुट्टीत पुस्तके घेण्यासाठी मुलांची रांग लागली आहे. संगणकाच्या पडद्यावर एक अर्ज उघडला आहे. त्यात तीन रकाने आहेत : विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि पुस्तक परत करण्याची तारीख. ग्रंथपाल घाईघाईने कळा दाबत आहेत. एका ठिकाणी १३ ऐवजी ३१ असे लिहिले गेले. झाले! पुस्तक एका मुलीने नेले, पण नोंद दुसऱ्याच मुलीच्या नावावर झाली. महिन्याने त्या दुसऱ्या मुलीला विचारतील, “पुस्तक कोठे आहे?” ती बिचारी काय उत्तर देणार?

रकान्यात क्रमांक लिहिण्याऐवजी तो स्कॅनरने भरला, तर ही चूक टळते. पण त्यासाठी अर्जही तसा तयार करावा लागतो. पुष्कळसे स्कॅनर संगणकाला जोडले, की ते कळफलकाप्रमाणे काम करतात. म्हणजे स्कॅनर वाचलेला क्रमांक जणू भराभर टंकलिखित करतो आणि शेवटी बहुधा ‘एंटर’ ही कळ दाबतो. संगणकाला वाटते, की कोणीतरी फार वेगाने कळा दाबत आहे. स्कॅनर हा असा एक चपळ टंकलेखक आहे. मात्र आपण काय लिहीत आहोत आणि कोणत्या रकान्यात लिहीत आहोत, हे त्याला मुळीच ठाऊक नसते.

त्यामुळे काही अडचणी येतात. पहिली अडचण ‘एंटर’ कळीची. पुष्कळ अर्जांत ही कळ दाबली, की अर्ज लगेच पुढे पाठवला जातो. ग्रंथपालांनी विद्यार्थ्याचे ओळखपत्र स्कॅनरसमोर धरले, की पुस्तकाचा रकाना रिकामा असतानाच अर्ज निघून जातो! म्हणून चांगला अर्ज तयार करणारा माणूस अशी सोय करतो, की ‘एंटर’ आल्यावर अर्ज जाऊ नये, तर पुढचा रकाना उघडावा. सर्व रकाने भरल्यावर ग्रंथपाल स्वतः ‘नोंद करा’ हे बटण दाबतील, तेव्हाच नोंद व्हावी.

दुसरी अडचण रकान्याची. स्कॅनर समोर असेल त्या रकान्यात लिहितो. पुस्तकाचा क्रमांक चुकून विद्यार्थ्याच्या रकान्यात पडू शकतो. यावर सोपा उपाय आहे. विद्यार्थ्यांचे सर्व क्रमांक १ ने आणि पुस्तकांचे सर्व क्रमांक ५ ने सुरू करावेत. मग चुकीचा क्रमांक आला, तर अर्ज लगेच सूचना देऊ शकतो.

तिसरी अडचण शून्याची. काही वस्तूंच्या क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असते. गणितात ०४५ आणि ४५ सारखेच. पण बारकोडमध्ये ते शून्य क्रमांकाचाच भाग असते. म्हणून संगणकाने हा क्रमांक संख्या न मानता अक्षरांसारखा जसाच्या तसा ठेवला पाहिजे.

चौथी अडचण तर आपल्या ओळखीची आहे. संगणकाचा कळफलक उर्दू किंवा मराठीवर ठेवलेला असेल, तर स्कॅनरने पाठवलेले अंक वेगळ्याच रूपात उमटू शकतात. मग संगणकाला तो क्रमांक सापडत नाही. अर्ज उर्दूत असेल, तर त्यातील मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. पण क्रमांक मात्र डावीकडून उजवीकडेच दिसला पाहिजे. आपण उर्दूत लिहितानाही संख्या अशाच लिहितो, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता कोणी म्हणेल, “यंत्र वाचते म्हणजे चूक होणारच नाही.” पण लेबल मळले असेल किंवा फाटले असेल, तर क्रमांक हाताने लिहावा लागतो. तेव्हा चूक होऊ शकते. यासाठी तेरा अंकांपैकी शेवटचा अंक पहारेकऱ्याचे काम करतो. त्याला तपासणी अंक म्हणतात. आपण एक काल्पनिक क्रमांक घेऊ : ८९०२४६८१३५७९४.

शेवटचा ४ बाजूला ठेवा. उरलेल्या बारा अंकांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक अंक घ्या : ८ + ० + ४ + ८ + ३ + ७ = ३०. राहिलेले अंक घ्या : ९ + २ + ६ + १ + ५ + ९ = ३२. या ३२ ला ३ ने गुणा, म्हणजे ९६. आता ३० + ९६ = १२६. या बेरजेत किती मिळवले म्हणजे पुढचा पूर्ण दशक येईल? १२६ + ४ = १३०. म्हणून तपासणी अंक ४. क्रमांक बरोबर आहे.

समजा, घाईत १ आणि ३ यांची अदलाबदल झाली आणि ८९०२४६८३१५७९४ असे लिहिले गेले. आता बेरीज २८ + १०२ = १३० होते. म्हणजे तपासणी अंक ० यायला हवा होता. पण लिहिला आहे ४. चूक पकडली गेली! चांगला अर्ज हे गणित क्षणात करतो आणि सांगतो, “क्रमांक पुन्हा तपासा.” मात्र हा पहारेकरीही कधीकधी डुलकी घेतो. शेजारी असलेल्या २ आणि ७ यांची अदलाबदल झाली, तर ती चूक त्याला सापडत नाही. असे का होते, ते तुम्ही स्वतः गणित करून शोधा.

आता स्कॅनर नसला, तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही बारकोड वाचता येतो. त्यासाठी अर्ज आधी कॅमेरा वापरण्याची परवानगी विचारतो. परवानगी देणे किंवा न देणे हा आपला अधिकार आहे. म्हणून कॅमेरा, स्कॅनर किंवा हात, यांपैकी कोणत्याही मार्गाने रकाना भरता यावा, अशी सोय अर्जात असली पाहिजे. ज्या अर्जात हाताने लिहिण्याची वाटच बंद केलेली असते, तो अर्ज फाटक्या लेबलापुढे अडून बसतो आणि माणसाला ताटकळत ठेवतो.

हे सारे केवळ दुकानापुरते नाही. रक्तपेढीतील रक्ताच्या पिशवीवर बारकोड असतो. तेथे एक क्रमांक चुकला, तर रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो. तुम्ही दहावीच्या परीक्षेला बसाल, तेव्हा तुमच्या उत्तरपत्रिकेवरही बारकोडचे स्टिकर लावले जाईल. वर्षभर केलेल्या अभ्यासाचे गुण तुमच्याच नावावर जमा व्हावेत, यासाठी त्या रेघांचा उपयोग होतो. म्हणून ते स्टिकर नीट, सरळ आणि सुरकुती न पडता चिकटवा. त्यावर काही लिहू नका. त्याआधी त्यावरचा आपला बैठक क्रमांकही एकदा पाहून घ्या.

रेघा वाचण्याचे काम यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने करते. परंतु त्या रेघांमागे कोणाचे नाव आहे, हे यंत्राला कळत नाही. ते माणसाला कळते. म्हणून ‘बीप’ असा आवाज आला, तरी पडद्यावर काय उमटले, ते एकदा डोळ्यांनी पाहण्याची सवय आपण सोडता कामा नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वुडलंडला बारीक व जाड रेघांची कल्पना कोठे सुचली?
(आ) भारतातील संस्थेकडून घेतलेल्या क्रमांकाची सुरुवात कोणत्या अंकांनी होते?
(इ) तपासणी अंक कशासाठी असतो?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने स्कॅनरला ‘चपळ टंकलेखक’ का म्हटले आहे?
(आ) ‘एंटर’ कळीमुळे अर्ज भरताना कोणती अडचण येते? त्यावर उपाय कोणता?
(इ) अर्जात हाताने क्रमांक लिहिण्याची सोय का असावी?

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
ताटकळणे, ताडून पाहणे, डुलकी घेणे, कानावर पडणे.

४. उपक्रम : घरातील एखाद्या वस्तूवरचा तेरा अंकी क्रमांक वहीत लिहा. पाठात दिल्याप्रमाणे गणित करून त्याचा शेवटचा अंक बरोबर येतो का, ते पाहा. नंतर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल करून पुन्हा गणित करा.