प्रकाशकणांचे कुलूप अभेद्य. पण यंत्राचे काय?

संदेश कितीही क्लिष्ट संकेतात लिहिला, तरी तो उलगडण्याची किल्ली तिसऱ्याच्या हाती पडली की सारे मुसळ केरात जाते. इंटरनेटवरील व्यवहारांच्या किल्ल्या दीर्घकाळ मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यासारख्या गणिती कोड्यांवर विसंबून राहिल्या. पुरेशा क्षमतेचा क्वांटम संगणक अशी कोडी झटपट सोडवू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. किल्लीचे रक्षण गणिताऐवजी निसर्गनियमांवर सोपविणाऱ्या ‘क्वांटम की डिस्ट्रिब्युशन’ या तंत्राचे महत्त्व त्यामुळेच वाढले.

या तंत्राचा भारताशी जुना संबंध आहे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी त्याची पहिली पद्धत डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरू येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि वर्ष यांवरून ती ‘बीबी-८४’ या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीत प्रेषक एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पाठवितो. प्रत्येक कणाचे ध्रुवीकरण उभे-आडवे किंवा तिरपे, अशा दोन जोड्यांपैकी एकीतले असते. कोणता कण कोणत्या जोडीतला, हे प्राप्तकर्त्याला ठाऊक नसते. तो दर वेळी एक जोडी अंदाजाने निवडून मापन करतो. नंतर दोघे आपापल्या निवडी उघडपणे ताडून पाहतात, मात्र मापनाचे उत्तर सांगत नाहीत. निवड जुळली तेवढीच उत्तरे ठेवली जातात. त्यांतूनच किल्ली घडते.

मध्येच हेर बसला, तर त्याला कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही. क्वांटम सिद्धांतानुसार ते अशक्य असल्याचे १९८२ मध्ये सिद्ध झाले. त्याला मापनच करावे लागते. निम्म्या वेळा त्याची निवड चुकते आणि कणाची अवस्था बिघडते. प्रत्येक कण असा अडवून पुढे पाठविल्यास जुळलेल्या उत्तरांत सुमारे २५ टक्के चुका दिसतात. काही उत्तरे नमुन्यादाखल ताडून पाहिली की चोरी उघडकीस येते व किल्ली टाकून दिली जाते. संदेश अद्याप पाठविलेलाच नसल्याने नुकसान होत नाही.

सिद्धांत असा निर्दोष असला, तरी यंत्रे तशी नसतात. १९८९ मधील पहिल्या प्रयोगात प्रकाशकणांनी सुमारे ३० सेंटीमीटर अंतर कापले. त्या उपकरणातून ध्रुवीकरणागणिक वेगळा आवाज येत असे. त्यामुळे आपली यंत्रणा बहिऱ्या हेरापासूनच सुरक्षित होती, असे ब्रासार यांनी नंतर गमतीने नमूद केले.

या विनोदातील इशारा २०१० मध्ये खरा ठरला. नॉर्वे व जर्मनीतील संशोधकांनी बाजारात उपलब्ध असलेल्या दोन यंत्रणांच्या शोधकांवर प्रखर प्रकाश टाकून ते ‘आंधळे’ करता येतात, हे दाखविले. आंधळा झालेला शोधक हेराच्या इशाऱ्यानुसार नोंद करतो आणि चुकांचे प्रमाण वाढतच नाही. २०११ मध्ये सिंगापूर येथे २९० मीटरच्या फायबरवर याच मार्गाने संपूर्ण किल्ली मिळविण्यात आली. निसर्गनियम अबाधित होता. फसले होते ते उपकरण.

त्यावर उपायही निघाले. शोधकांवर विश्वास ठेवावाच लागू नये अशी पद्धत २०१२ मध्ये सुचविण्यात आली. उपकरणांच्या अंतर्गत रचनेवरही न विसंबणारे प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ते अद्याप प्रत्यक्ष वापरापासून दूर आहेत. अंतराची अडचणही आहेच. फायबरमध्ये प्रकाशकण नाहीसे होत जातात. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मिशियस’ उपग्रहाद्वारे पुढच्याच वर्षी बीजिंग व व्हिएन्ना यांच्यात किल्लीची देवाणघेवाण झाली, परंतु त्यात खुद्द उपग्रहावर विश्वास ठेवणे भाग होते. शिवाय पलीकडे बोलणारी व्यक्ती खरी कोण, हे प्रकाशकण सांगत नाहीत. ती ओळख वेगळ्या मार्गाने पटवावी लागते.

भारतात ‘इस्रो’ने २०२१ मध्ये ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून, तर ‘डीआरडीओ’ व आयआयटी दिल्ली यांनी २०२२ मध्ये प्रयागराज-विंध्याचल दरम्यान शंभराहून अधिक किलोमीटर फायबरवरून हे तंत्र वापरून दाखविले. २०२३ मध्ये सुमारे ६००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी मिळाली. दरम्यान, क्वांटम संगणकालाही पुरून उरतील अशा नव्या गणिती पद्धतींची मानके अमेरिकेने २०२४ मध्ये जाहीर केली असून, त्यांना खास फायबर वा शोधक लागत नाहीत. त्यामुळे ‘अभेद्य’ असा शिक्का असलेली यंत्रणा विकत घेताना तिचा सिद्धांत तपासणे पुरेसे नाही. तिच्या शोधकांची आणि जोडण्यांची कसोटी कोणी घेतली, हेही विचारावे लागेल.