गृहपाठ आणि संदर्भसंग्रहांची निवड

पणजी असो, बेळगाव असो वा बडोदे असो, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास शाळेतून एखादा विषय दिला जातो आणि ‘ग्रंथालयात पाहून लिहून आणा’ असे सांगितले जाते. एके काळी याचा अर्थ सरळ होता : ग्रंथपालाकडे जावे, त्याने काढून दिलेला कोश उघडावा आणि वहीत टिपणे घ्यावीत. आज त्या एका कपाटाच्या जोडीला संगणकावरील अनेक संदर्भसंग्रह आले आहेत. इंग्रजीत त्यांस डेटाबेस म्हणतात. पूर्वीची अडचण पुस्तक न मिळण्याची होती. आताची अडचण हजार गोष्टी एकदम मिळण्याची आहे. म्हणून कोणत्या प्रश्नासाठी कोणता संग्रह उघडावा हे ठरविणे, हेच गृहपाठाचे पहिले काम होऊन बसले आहे.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. गोव्यात १९६७ साली झालेला जनमत कौल हा विषय विद्यार्थ्यास दिला आहे, असे समजावे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, हा त्या कौलाचा प्रश्न होता. वरवर पाहता विषय एकच; पण त्याच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न आहेत. घटना काय घडली? कायद्याने काय ठरले? त्या वेळी लोक काय म्हणत होते? आणि पुढील काळातील अभ्यासकांनी त्याचा अर्थ कसा लावला? या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळत नाहीत.

पहिल्या प्रश्नासाठी कोशाकडे वळावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. या कोशाचा मजकूर आता संगणकावरही विनामूल्य वाचावयास मिळतो. प्रदेश, इतिहास, व्यक्ती यांची चौकट मनात बसविण्यास असा कोश उत्तम होय. मात्र नोंद केव्हा लिहिली गेली, हे पाहिल्यावाचून ती उतरून घेऊ नये. गोव्यास घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला. त्यापूर्वी छापलेल्या कोशात गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणूनच आढळेल. त्यात कोशाची चूक नाही. चूक होईल ती साल न पाहणाऱ्याची.

दुसऱ्या प्रश्नासाठी सरकारी कागदपत्रे हवीत. हा कौल संसदेने १९६६ साली केलेल्या खास कायद्यान्वये घेण्यात आला. संसदेतील चर्चा आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पाहता येतात. मतदान १६ जानेवारी १९६७ रोजी झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांस १,७२,१९१ आणि फुलास १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे राहिले. असे आकडे ऐकीव लेखातून न घेता होईल तितके मूळ कागदावरून घ्यावेत, आणि ते कोणत्या कागदावरून घेतले तेही वहीत लिहून ठेवावे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. लोक काय म्हणत होते, हे त्या दिवसांच्या वृत्तपत्रांतूनच कळते. परंतु येथेही एकच वृत्तपत्र पाहून भागत नाही. ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही मराठी दैनिके. पण पहिले विलीनीकरणाच्या बाजूचे, तर दुसरे त्याच्या विरुद्ध. जो विद्यार्थी एकच अंक वाचील त्यास सारा गोवा एका मताचा होता असे वाटेल. वस्तुतः वैध मतांपैकी दर शंभरी सुमारे पंचेचाळीस मते पराभूत पक्षाकडे होती. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. जुन्या वृत्तपत्रांचा सगळाच साठा संगणकावर आलेला नाही. तेव्हा पणजी येथील, १८३२ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या संस्थेची पायरी आजही चढावी लागते.

चौथ्या प्रश्नासाठी अभ्यासकांचे संग्रह आहेत. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ठेवलेले असतात. शाळकरी मुलास तीनशे पानांचा प्रबंध झेपणार नाही. पण त्यातील प्रस्तावना आणि समारोप एवढे वाचले तरी पुष्कळ उजेड पडतो. १९९५ साली सुरू झालेल्या ‘जेस्टोर’मध्ये विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचे जुने अंक आहेत, परंतु अनेक नियतकालिकांचे अगदी अलीकडचे अंक तेथे नसतात. खरगपूरच्या तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले. ते अनेक संस्थांच्या संग्रहांतील साहित्याचा एकत्र शोध घेऊन देते. कोठून आरंभ करावा हेच सुचत नसेल तेव्हा त्याचा उपयोग मोठा.

संग्रह योग्य निवडला तरी शब्द चुकीचा टाकल्यास हाती काही लागत नाही. याच घटनेस कोणी ‘जनमत कौल’ म्हणतो, कोणी ‘सार्वमत’, तर इंग्रजी लेखांत ‘ओपिनियन पोल’ असे येते. एका शब्दाने शोधून ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी आळशी असतोच असे नाही. दुसरे नाव त्यास कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हे शिक्षकाचे व ग्रंथपालाचे काम आहे. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, असा दंडक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली घालून दिला. संदर्भांचा असा सुकाळ झाल्यावर त्याचे महत्त्व कमी न होता वाढलेच आहे.

मराठी मुलखाच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलास हे विशेष लागू आहे. त्याच्या गावाचा इतिहास दोन-तीन भाषांत लिहिलेला असतो आणि प्रत्येक भाषेत तो थोडा निराळा दिसतो. शोधयंत्राने प्रथम दाखविलेले पान उतरून काढणाऱ्यास त्यांतील एकच बाजू कळेल आणि तीच त्याला पूर्ण सत्य वाटेल. प्रत्येक टिपणाखाली हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासाठी लिहिले, या तीन गोष्टी नोंदविण्याची सवय त्यास लागली, तर गृहपाठाचे गुण किती मिळाले हा प्रश्न गौण ठरेल. पुढे मतदार म्हणून, वाचक म्हणून आणि शेजारी म्हणून त्यास दुसऱ्याचे म्हणणे ऐकता येईल, ही त्या वहीतून झालेली खरी कमाई होय.