गावाची भिंत, गावाचे चित्र: नांदेड-लातूर परिसरातील सामूहिक भित्तिचित्रांचा मागोवा

वस्तीच्या वारशावरचे सामूहिक भित्तिचित्र म्हणजे त्या वस्तीतल्या लोकांनी विषय ठरवून, शक्य तिथे स्वतः कुंचला धरून, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना दिसेल अशा भिंतीवर काढलेले चित्र. हा प्रकार अलीकडचा मानला जातो. नांदेड आणि लातूरच्या परिसरात मात्र भिंत, रंग आणि समूह यांचे नाते फार जुने आहे. काळाबरोबर बदलत गेला तो भिंतीवरचा हक्क. ती कधी विहाराची होती, कधी घरातल्या बायकांची, कधी सरकारी योजनेची; आणि भिंत ज्याची, विषय त्याचा, असेच बहुधा घडत आले.

वाशीम येथे मिळालेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात ‘नांदीकट’ या प्रदेशाचा उल्लेख आहे. नांदीकट म्हणजे आजचे नांदेड, असे अभ्यासक मानतात. वाकाटकांच्या या वत्सगुल्म शाखेतला नंतरच्या काळातला राजा हरिषेण. त्याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची बरीचशी लेणी खोदली आणि रंगवली गेली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. म्हणजे नांदेडवर ज्या घराण्याची सत्ता होती, त्याच घराण्याच्या आश्रयाने भारतातली सर्वांत प्रसिद्ध भित्तिचित्रे उभी राहिली. अजिंठ्याला केवळ राजाश्रयाचे काम समजणे मात्र अपुरे आहे. तिथे भिक्षूंनी आणि साध्या उपासकांनी दिलेली छोटी छोटी दानेही आहेत, आणि काही ठिकाणी चित्राजवळ रंगानेच दात्याचे नाव लिहिलेले आहे. एका भिंतीवर अनेकांचा वाटा असण्याची ही या भागातली सर्वांत जुनी ठळक नोंद म्हणता येईल.

अजिंठ्याची कृतीही घरगुती वाटावी इतकी ओळखीची आहे. खडबडीत दगडावर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा, काजळीचा काळा. लाजवर्दाचा निळा तेवढा दूरदेशाहून येई. मराठवाड्याच्या खेड्यातली बाई भिंत लिंपून, पोतारून, चुना देऊन त्यावर गेरूने नक्षी काढते, तेव्हा क्रम तोच असतो.

ही चित्रे १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली आणि त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. दोनदा झालेल्या या नुकसानीची आठवण आजही उपयोगाची आहे, कारण भिंतीवरचे चित्र हलवता येत नाही आणि त्याची नोंद एकाच ठिकाणी ठेवली तर तीही नष्ट होऊ शकते. विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावरचे चार खंडांचे काम १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केले. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे दोन्ही याच संस्थानात होते.

मधल्या शतकांत चित्र दुसऱ्या वाटांनी लोकांपर्यंत येत राहिले. गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची परंपरा कागदावरची होती. रामायण-महाभारतातले प्रसंग एकामागून एक दाखवत कथेकरी ते गाऊन सांगत. पश्चिम महाराष्ट्रात आणि नाशिककडे पेशवाईच्या काळात वाड्यांच्या भिंती रंगल्या: वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल. ही चित्रे सुंदर आहेत, पण ती वाड्याच्या आत होती. ज्याला आत जाता येई, त्यालाच ती दिसत.

गावाला दिसणारी भिंत घराबाहेरची होती, आणि ती बायकांकडे होती. सणाआधी भिंत पोतारायची, चुना द्यायचा, दाराच्या दोन्ही अंगांना गेरूचे पट्टे ओढायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केले. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचा. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर हत्ती, घोडे, पोपट, केळीचे खांब आणि नवरा-नवरीची नावे. हे चित्र वर्षभर, कधी त्याहूनही अधिक टिके, आणि गल्लीत शिरणाऱ्याला या घरात नुकतेच कार्य झाले हे न विचारता कळे. लातूर परिसरात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, ज्याला तिथे ‘येळवस’ म्हणतात, शेतात पाच दगड मांडून, त्यांना चुना लावून पांडव म्हणून पूजतात. भिंत नाही, तर दगड. पण पांढऱ्यावर रंग देऊन साध्या वस्तूला अर्थ देण्याची रीत तीच. किनवट-माहूर भागातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांची चित्रभाषा याहून वेगळी आहे, आणि नांदेड जिल्ह्याच्या कलेचा विचार करताना ती हटकून बाजूला राहते. हा चित्रसंसार कुणी संग्रहालयात ठेवला नाही. दर वर्षी तो पुसला गेला आणि दर वर्षी नव्याने काढला गेला. त्याचे टिकणे त्या पुन्हा काढण्यातच होते.

१९६० च्या दशकापासून घरांच्या आणि चावडीच्या भिंतींवर सरकारी संदेश येऊ लागले. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, नंतर साक्षरतेच्या घोषणा, आणि २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातली वाक्ये. बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिरातीही त्याच भिंतींवर. हे काम करणारा माणूस म्हणजे गावोगावचा पेंटर. सुतळीला नीळ लावून ती भिंतीवर ताणून झटका द्यायचा की सरळ रेघ उमटे. छोट्या चित्रावर चौकटी आखून तेच चित्र दहापट मोठे करायचे. ही विद्या कुठल्या महाविद्यालयात शिकवली गेली नाही, ती उमेदवारीतून हातात आली. फ्लेक्स छपाई स्वस्त झाली आणि या पेंटरांचे काम झपाट्याने गेले. जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंतीं’नी त्यांच्यापैकी काहींना आधार दिला. मराठवाड्याच्या कलेच्या इतिहासात या कारागिरांना अजून त्यांची जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाडजूड भिंतींची आणि वर मातीचा भार असलेली माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी, नव्या आखणीने वसवली गेली. माणसांच्या हानीपुढे भिंतीचा विचार क्षुल्लक वाटेल, तरी इथे त्याची नोंद आवश्यक आहे. जी भिंत लिंपून रंगवायची होती तीच जीवघेणी ठरली. नव्या घरांच्या सिमेंटच्या भिंतींना पोताऱ्याची गरज राहिली नाही, आणि सणाची वहिवाट तिथे नव्याने रुजवावी लागली.

नांदेडचा चेहरा २००८ मध्ये बदलला. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. त्या घटनेची तीनशे वर्षे २००८ मध्ये साजरी झाली. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात १८३२ ते १८३७ मध्ये बांधलेल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याभोवतीचे आणि शहरातले रस्ते, घाट यांचा मोठा विकास झाला. अशा विकासाने प्रत्येक शहरात एक नवी गोष्ट निर्माण होते: पूल, संरक्षक भिंती, आवारभिंती यांचे लांबलचक कोरे पृष्ठ, ज्यावर घरमालक म्हणून कुणाचाच हक्क नाही.

अशा भिंतींचे काय करायचे, याचा एक प्रयोग मुंबईत २००९ मध्ये झाला. सेनापती बापट मार्गावर रेल्वेलगतची लांब भिंत ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकाराने सामान्य नागरिकांनी रंगवली. २०१७ मध्ये मुंबईतल्याच ससून डॉकवर भरलेल्या कला उपक्रमात तिथल्या कोळी समाजाचे जीवन आणि चेहरे भिंतींवर आले. नांदेडला अधिक जवळचे उदाहरण विदर्भातले आहे. बल्लारशाह आणि चंद्रपूर या रेल्वेस्थानकांच्या भिंती ताडोबाच्या वाघांनी आणि गोंडी शैलीच्या चित्रांनी सजल्या, आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत त्यांना देशात पहिले पारितोषिक मिळाले. तिथे यश मिळाले ते विषय स्थानिक असल्यामुळे. बाहेरच्या जगातही हाच अनुभव आहे. मेक्सिकोत १९२० च्या दशकात दिएगो रिव्हेरा आणि त्याच्या सोबत्यांनी सरकारी इमारतींवर लोकांचा इतिहास रंगवला. शिकागोत १९६७ मध्ये कृष्णवर्णीय चित्रकारांनी स्वतःच्या वस्तीतल्या भिंतीवर आपल्या समाजातील थोरांची चित्रे काढली. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बाका यांनी १९७६ पासून शेकडो तरुणांना हाताशी धरून कालव्याच्या भिंतीवर अर्ध्या मैलाचा इतिहास चितारला.

स्वच्छ सर्वेक्षण आणि २०२० मध्ये सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान यांमुळे महाराष्ट्रातल्या शहरांत भिंती रंगवण्याचा वेग वाढला. त्यात एक खटकणारी गोष्ट सर्रास दिसते. पालघर-डहाणूकडची वारली आकृती राज्याच्या कुठल्याही भिंतीवर उमटते. वारली कला थोर आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. पण मराठवाड्याच्या भिंतीवर ती उसनी असते, आणि तिच्यामुळे भिंतीजवळच्या वस्तीचे स्वतःचे काही चित्रात येण्याचे राहून जाते.

इथे विषयांची उणीव नाही. लातूरची गंजगोलाई १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याने उभी राहिली. मध्ये जगदंबेचे मंदिर आणि भोवती १६ रस्ते, प्रत्येक रस्त्याला आपला बाजार, कुठे सोने, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. वर्तुळाकार चित्राची रचना या वास्तूने आयती दिली आहे. लातूरचे जुने नाव लट्टलूर; राष्ट्रकूट राजे या नगरीचा उल्लेख आपल्या बिरुदात अभिमानाने करत. कंधारला राष्ट्रकूटकालीन प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष आहेत, देगलूरजवळ होट्टलची मंदिरे, औसा तालुक्यात खरोशाची लेणी, माहूरला रेणुका. नांदेडच्या दखनी शिखांची मराठी आणि पंजाबी एका घरात नांदते, आणि त्यांची हल्लाबोल मिरवणूक हा कोणत्याही चित्रकाराला भुरळ घालणारा विषय आहे. अलीकडचा वारसाही आहे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. ज्या वस्तीने घागरी घेऊन रांगा लावल्या, तिच्या भिंतीवर त्या गाडीचा हक्क कुठल्याही किल्ल्याइतकाच आहे.

असे चित्र करताना पहिले काम ऐकण्याचे असते. वस्तीतल्या वयस्कर माणसांकडून आठवणी, जुने फोटो, व्यवसायांची नावे, पाडलेल्या इमारतींच्या जागा गोळा कराव्या लागतात, आणि आराखडा भिंतीजवळच मांडून लोकांना दाखवावा लागतो. एखाद्याच जातीचे, धर्माचे किंवा गल्लीचे चित्र झाले तर ते याच टप्प्यावर लक्षात येते आणि दुरुस्तही करता येते. धार्मिक व्यक्ती कशा दाखवायच्या, हेही इथेच त्या त्या समाजाला विचारून ठरावे. वाटेवरच्या भिंतीखाली घाण होते, म्हणून पूज्य प्रतिमा तिथे नको असा आग्रह असतो आणि तो रास्त असतो. मग चौकटी आखून चित्र मोठे करणे, रेषा जाणत्या पेंटरने घालणे, मोठे सपाट भाग मुलांनी आणि बायकांनी भरणे, आणि चेहरे पुन्हा कसलेल्या हाताकडे, अशी विभागणी सोयीची पडते.

भिंत निवडताना ओल आधी पाहायची. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून आधी पाण्याचा मार्ग बदलणे, सुटा गिलावा काढून नवा करणे, तो पुरता सुकू देणे आणि मग प्रायमर. मराठवाड्यात पावसाळा संपल्यावर, दिवाळी ते होळी हा काळ योग्य. उन्हाळ्यात दुपारी भिंत इतकी तापते की रंग पसरण्याआधीच वाळतो. वरून चकचकीत लेप देण्याचा मोह असतो, पण तो टाळावा. अजिंठ्यात १९२० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी चित्रे वाचवण्यासाठी लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडून चित्रे झाकोळली, आणि नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याला तो काढण्याचे नाजूक काम अनेक वर्षे करावे लागले. बाहेरच्या भिंतीसाठी म्हणून बनवलेले रंगच वापरावेत, रंगांचे क्रमांक आणि मूळ आराखडा शाळेत, ग्रंथालयात आणि पालिकेत अशा किमान तीन ठिकाणी ठेवावा, आणि दर पावसाळ्यानंतर कोणत्या भागाची डागडुजी कोण करणार, हे चित्र पुरे होण्याआधीच लिहून ठेवावे.