कॅनडांतील औषधोपचाराची व्यवस्था

घरीं कोणी अंथरुणास खिळलें म्हणजे डॉक्टरास पैसे कोठून द्यावे हा प्रश्न आधीं उभा राहतो, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. कॅनडांतही एके काळीं तेंच होतें. टॉमी डग्लस नांवाच्या मुलाच्या पायाचें हाड नासलें. आईबापांजवळ पैसा नव्हता; पाय कापण्याची वेळ आली. विनिपेग येथील एका शस्त्रवैद्यानें, आपल्या विद्यार्थ्यांस उपचार पाहूं द्यावे एवढ्याच अटीवर, फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून पाय वांचला. हा मुलगा पुढें बॅप्टिस्ट पाळक व १९४४ सालीं सस्कॅचेवान प्रांताचा मुख्य प्रधान झाला. गरिबाचा पाय केवळ दैवानें वांचावा, हें त्यास कधींच पटलें नाहीं.

१९४७ पासून त्या प्रांतांत दरडोई वर्षास ५ डॉलर घेऊन रुग्णालयाचा खर्च सरकार सोसूं लागलें. १ जुलै १९६२ रोजीं डॉक्टरांच्या फीविषयींचा कायदा अंमलांत आला, तेव्हां बहुतेक डॉक्टरांनीं दवाखानेच बंद केले! सरकार आपणांस नोकर करील, हें त्यांचें भय. तें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण रोग्यांनीं कोठें जावें? डग्लस तोंवर केंद्रीय राजकारणांत गेले होते. त्यांच्या जागीं आलेले वुड्रो लॉइड (हे पूर्वीं आमच्यासारखेच शिक्षक) डगमगले नाहींत. २३ जुलैस तडजोड झाली. १९६६ च्या कायद्यानें ही व्यवस्था इतर प्रांतांसही खुली झाली.

आज तेथील सामान्य मनुष्य कुरकुरतो : शस्त्रक्रियेसाठीं महिनोन्महिने थांबावें लागतें, नेहमींचा डॉक्टर मिळत नाहीं. तक्रार खरी आहे. तरी व्यवस्थाच मोडा म्हटलें कीं तोच संतापतो. २००४ सालीं तेथील सरकारी नभोवाणी संस्थेनें लोकांचीं मतें घेतलीं, तेव्हां सर्वश्रेष्ठ कॅनेडियन म्हणून त्यांनीं डग्लस यांसच निवडलें.