कॅमेऱ्याला चकवा, भुर्दंड दुसऱ्याला

पश्चिम द्रुतगती महामार्गावरून अंधेरी-बोरिवली किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावरून घाटकोपर-मुलुंड असा नित्य प्रवास करणाऱ्या वाहनचालकाला आता हवालदारापेक्षा कॅमेऱ्याचा धाक अधिक वाटतो. मुंबईत २०१६ साली ई-चलन पद्धत सुरू झाल्यापासून चौकात पोलीस नसला, तरी दंडाचा संदेश मोबाइलवर येऊन थडकतो. साहजिकच या कॅमेऱ्यांना चकविण्याची साधनेही ऑनलाइन बाजारात आली. ती कितपत चालतात आणि कायद्यात कितपत बसतात?

सर्वांत जुनी युक्ती फवाऱ्याची. नंबरप्लेटवर चकचकीत लेप दिला की कॅमेऱ्याचा फ्लॅश परावर्तित होऊन आकडे पुसट होतात, असा विक्रेत्यांचा दावा. ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००७ साली अशा उपायांची चाचणी घेतली, तेव्हा तो फोल ठरला. भर उन्हात तर फ्लॅशचा प्रश्नच येत नाही.

रडारचा सुगावा देणाऱ्या यंत्राची कथा वेगळी. ते रेडिओ लहरी टिपते. मात्र पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांतील लेझर स्पीडगन प्रकाशकिरणाने वेग मोजते. तीनशे मीटर अंतरावर या किरणाचा झोत जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो आपल्याच गाडीवर पडतो आणि क्षणार्धात मोजणी होते. लेझर ओळखणारे यंत्र असले, तरी त्याचा भोंगा वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली कार्यान्वित झालेल्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही काढला जातो. तेथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबूनही उपयोग नाही.

लहरींत अडथळा आणणारे जॅमर तर सरळ बेकायदा आहेत. सरकारची खास परवानगी नसेल, तर असे साधन वापरता येत नाही, असे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये बजावले आहे. याउलट कॅमेरा कोठे आहे हे ठाऊक असण्यात काहीच गैर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली समाविष्ट झालेला नियम १६७ अ तर अशा टप्प्यांआधी ठळक सूचनाफलक लावण्यास सांगतो.

उरते ती खुद्द नंबरप्लेट. २१४ चे ‘राम’ आणि ४१४१ चे ‘दादा’ करण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. ती नियम ५० आणि ५१ चा भंग करणारी असली, तरी बहुतेकदा पाचशे रुपयांच्या दंडावर भागते. एका अंकावर चिकटपट्टी लावणे किंवा ३ चा ८ करणे मात्र हौस नव्हे. कॅमेरा ज्यापुढे खरोखर फसतो, अशी युक्ती हीच. आणि फसवणुकीसाठी बनावटीकरण केल्यास भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

शिवाय कॅमेरा क्रमांक वाचतो, चालक नव्हे. त्यामुळे चलन रद्द होत नाही, ते भलत्याच्याच नावावर जाते. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात ताज हॉटेलजवळ एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी आढळल्या. कर्जाचे हप्ते थकल्यामुळे वसुलीवाल्यांना टाळण्यासाठी एका चालकाने अंक बदलला होता. दुसऱ्या गाडीच्या मालकाला मात्र न केलेल्या गुन्ह्यांची चलने येत होती.

लेझरने कोरलेला क्रमांक, होलोग्राम आणि न निघणारे कुलूप असलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणण्यामागे असे प्रकार रोखण्याचाच हेतू आहे. नव्या वाहनांना ती एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. जुन्या वाहनांची पाळी राज्यात नंतर आली.

तोवर अनोळखी ठिकाणचे चलन आले, तर घाईने पैसे भरून मोकळे होऊ नये. चलनासोबतचे छायाचित्र उघडून गाडीचा रंग, मॉडेल, बंपरवरील ओरखडे, काचेवरील स्टिकर आपल्या गाडीशी ताडून पाहावेत. फरक आढळल्यास महाट्रॅफिक अॅपवर आपल्या गाडीच्या छायाचित्रांसह तक्रार नोंदवावी आणि पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.